नॉर्मल की सिझर? बाळंतपणाच्या मधल्या मार्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः अशा बाईसाठी आहेत जिचे ३७ आठवडे पूर्ण झालेत, पोटात एकच बाळ आहे, डोकं खाली आहे, आणि बीपी, साखर, रक्तस्राव असा त्रास नाही. यातलं काही वेगळं असेल तर डॉक्टरांचा सल्ला पहिला, हे पान नंतर.

मधला मार्ग म्हणजे नेमकं काय? थोडं नैसर्गिक, थोडं औषधाचं?

तसं नाही. सगळं सुरळीत चाललंय तोवर बाळंतपणाला हात लावायचा नाही आणि बिघडायला लागलं की क्षणभरही घालवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. या दोन्हीसाठी बाळंतिणीजवळ बसून लक्ष ठेवणारं जाणतं माणूस लागतं, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच वानवा आहे. तीन-चार बाळंतिणींमागे एक सिस्टर आणि ओपीडी सांभाळणारे एकटे डॉक्टर असले की वाट बघण्याऐवजी कळा वाढवायची ड्रीप लागते, ड्रीपमागोमाग बाळाचे ठोके बघायचं मशीन येतं, आणि मशीनवरचा कागद बघून सिझर ठरतं. यात कुणाचा हेतू वाईट असतोच असं नाही. मनुष्यबळ आणि वेळ कमी पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझर झालं. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४. बायकांची शरीरं दवाखान्याच्या दारात बदलत नाहीत, त्यामुळे एवढा फरक निव्वळ वैद्यकीय कारणांनी पडणं शक्य नाही. मात्र उलट बाजूही तितकीच खरी: जिथे गरज असूनही सिझर मिळत नाही, तिथे आई आणि बाळ दोघं दगावतात.

सोनोग्राफीवरून ‘नॉर्मल होणार नाही’ असं आधीच सांगता येतं का?

काही बाबतींत ठामपणे सांगता येतं. वार (प्लॅसेंटा) पिशवीच्या तोंडावर असेल किंवा कळा सुरू होतानाही बाळ आडवं असेल तर सिझरच. पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये पिशवीवर उभा छेद घेतला असेल तरीही तेच.

सर्वांत जास्त कानावर येणारी कारणं मात्र एवढी पक्की नसतात. ‘नाळ गळ्याभोवती आहे’ हे साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या बाबतीत असतं आणि बहुतेक बाळं तशीच सुखरूप जन्मतात. कळांमध्ये बाळाचे ठोके पडायला, म्हणजे कमी व्हायला लागले तरच त्याचा विचार करायचा. ‘बाळ मोठं आहे’ म्हणतात तेव्हा सोनोग्राफीचा अंदाज १०-१५ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीन किलोचंही निघतं. ‘उंची कमी आहे’ एवढ्यावरून तर काहीच ठरत नाही. ‘डोकं अजून खाली आलं नाही’ हेही पहिल्या खेपेला कळा सुरू होण्याआधी दिसू शकतं.

‘पाणी कमी झालंय’ या वाक्यावर आकडा विचारा. पाण्याचा सर्वांत खोल कप्पा २ सेंमीपेक्षा कमी असेल तर गंभीर. तेव्हाही पुढचा प्रश्न ‘कळा आणायचं औषध देऊन बघता येईल का?’ हा असतो, लगेच सिझर हा नव्हे.

बाळ पायाळू असेल तर ३६-३७ व्या आठवड्यात पोटावरून हाताने बाळ फिरवता येतं. साधारण निम्म्या वेळा ते जमतं. हे ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी, ठोके तपासत, अनुभवी डॉक्टरांनीच करायचं. गावातल्या कुणाकडून तेल लावून पोट फिरवून घेऊ नका. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

दवाखाना निवडताना काय विचारायचं?

‘तुमच्याकडे नॉर्मल होतात का?’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. त्याऐवजी हे विचारा:

- पहिलटकरणींमध्ये गेल्या वर्षी किती टक्के सिझर झाली?
- रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतात? बालरोगतज्ज्ञ?
- रक्त कुठून आणता, आणायला किती वेळ लागतो?
- कळांमध्ये सोबतीला माणूस बसू देता का? चालू देता का?
- टाके (म्हणजे बाळ बाहेर येताना योनीला छेद) सगळ्यांना घेता की गरजेपुरते?

तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. यात गैर काही नाही, पण त्यामुळे एक गोष्ट घडते. रात्री अचानक गरज पडली तर माणसं जमतील का, या धास्तीने संध्याकाळी सहालाच ‘आता सिझर करून टाकू’ असं ठरतं. ज्या दवाखान्यात तातडीचं ऑपरेशन अर्ध्या तासात उभं राहू शकतं, तिथेच डॉक्टरांना निवांतपणे थांबणं परवडतं. म्हणून नॉर्मल हवं असेल तर ऑपरेशन थिएटर चांगलं असलेला दवाखाना बघा.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत असल्यामुळे ओटीभरणानंतर दवाखाना बदलतो. शक्यतो ३४ व्या आठवड्याच्या आत माहेरच्या डॉक्टरांकडे एकदा तरी दाखवून या. नव्या डॉक्टरांनी ३८ व्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलेली बाई त्यांच्या दृष्टीने अनोळखी केस असते, आणि अनोळखी केसमध्ये कुणीही धोका पत्करत नाही. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी आणि सगळ्या सोनोग्राफींचे कागद एका फाइलीत सोबत न्या.

सरकारी दवाखान्यात सन्मानाने, शांतपणे बाळंतपण होतं का?

ठिकाणावर अवलंबून आहे. ‘लक्ष्य’ हा लेबर रूम सुधारण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१७ पासून आहे. बाळंतिणीसोबत एक स्त्री-सोबती ठेवायला २०१६ पासून मान्यता आहे, हे नियम म्हणून सांगा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत. औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडीही त्यात येते. गाडीसाठी १०२ किंवा १०८. दुर्गम आदिवासी भागात राहत असाल तर ‘माहेरघर’ची सोय जवळ आहे का, ते आशाताईंना विचारा, तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहता येतं.

कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात कधी जायचं?

पहिल्या खेपेला: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ जवळपास एक मिनिटाची, आणि असं सलग तासभर. दवाखाना तासाभराच्या अंतरावर असेल तर त्याआधीच निघा. दुसऱ्या खेपेला नियमित कळा सुरू झाल्या की निघायचंच.

फार लवकर दाखल झालं की काय होतं, ते समजून घ्या. पिशवीचं तोंड दोन सेंमी उघडलेलं असतं. पहिले काही सेंमी उघडायला तास लागतात, कधी अख्खा दिवस. घरी असताना बाई जेवते, फिरते, डुलकी काढते. दवाखान्यात मात्र घड्याळ चालू होतं. सहा तासांनी ‘प्रगती नाही’ असं फाइलीत लिहिलं जातं आणि ड्रीप येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की खरा वेगवान टप्पा ५ सेंमीपासून धरायचा, आणि ‘तासाला एक सेंमी’ हा जुना नियम मोडला एवढ्यावरून हस्तक्षेप करायचा नाही. ५ सेंमीपासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात.

आपल्याकडे ‘दोन बोटं’, ‘तीन बोटं उघडलंय’ असं सांगतात. बोटं प्रत्येकाची वेगळी असतात. आकडा सेंमीत विचारा आणि वेळेसकट लिहून ठेवा.

वाट न बघता तत्काळ निघायचं ते यासाठी: अंगावरून ताजं रक्त, हिरवट पाणी, बाळाची हालचाल मंदावणं, ताप, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, बीपी १४०/९० किंवा वर. पाणी गेल्यावर योनीत दोरीसारखं काही लागलं तर ती नाळ असू शकते. गुडघे-कोपरांवर ओणवं व्हा, कंबर वर ठेवा, नाळेला हात लावू नका, आणि तशाच स्थितीत गाडीतून न्यायला सांगा.

पाणी गेलं, पण कळा नाहीत. आता?

वेळ आणि रंग टिपा, पॅड लावा, दवाखान्यात जा. पाणी स्वच्छ असेल आणि ठोके चांगले असतील तर पूर्ण दिवसांच्या दहातल्या सहा बायकांना २४ तासांत आपोआप कळा येतात, त्यामुळे काही तास थांबणं आणि लगेच औषध देणं हे दोन्ही पर्याय खुले असतात. या काळात आतून तपासणी कमीत कमी व्हावी. प्रत्येक तपासणीगणिक जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. तपासणी झालीच तर ती कशासाठी, एवढं विचारायला हरकत नाही.

तारीख उलटली. कळा आणायचं औषध घ्यावं का?

४० आठवडे म्हणजे शेवटची मुदत नव्हे. ४१ पूर्ण झाल्यावर मात्र औषध घेणं शहाणपणाचं. त्यापुढे पोटात बाळ दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो. इथे ‘निसर्गावर सोडा’ हा हट्ट आम्हाला मान्य नाही.

कसं देतात, ते पिशवीचं तोंड किती मऊ आहे यावर ठरतं. तोंड कडक असेल तर आधी ते मऊ करायचं: जेल, किंवा फुगा असलेली नळी आत ठेवून त्यात ३० ते ६० मिली पाणी भरणं, किंवा मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने. २०० मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडने कापून तुकडे देणं टाळावं. डोस कमी-जास्त होतो. पूर्वी सिझर झालेल्या बाईला मिसोप्रोस्टॉल द्यायचं नाही, पिशवी फाटू शकते.

मऊ व्हायलाच २४ तास लागू शकतात. सकाळी औषध दिलं, संध्याकाळी ‘फेल गेलं’, रात्री सिझर, असं घडतं तेव्हा बहुतेकदा औषधाला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. आई-बाळ ठीक असतील तर ‘उद्या सकाळपर्यंत थांबता येईल का?’ हा प्रश्न रास्त आहे.

कळा वाढवायची ड्रीप वाईट असते का?

नाही. कळा खरोखर कमी पडत असतील तर हीच ड्रीप सिझर टाळते. घोटाळा होतो तो सवयीने आणि घाईने लावण्यात. ड्रीपमधलं औषध, ऑक्सिटोसिन, अगदी थोड्यापासून सुरू करून दर अर्ध्या तासाने वाढवायचं, शक्यतो पंपावर. १० मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा यायला लागल्या तर दोन कळांमध्ये बाळाला प्राणवायू भरून घ्यायला फुरसत मिळत नाही, ठोके पडतात आणि मग ‘बाळ गुदमरतंय’ म्हणून सिझर करावं लागतं. तेव्हा कळा घड्याळ लावून मोजा. पाचाच्या वर गेल्या तर सिस्टरना लगेच बोलवा. ड्रीप कमी केली किंवा थांबवली की बहुतेक वेळा बाळ सावरतं.

बाळ जन्मायच्या आधी ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ दंडात किंवा कमरेत कुणी देऊ पाहत असेल तर ठाम नकार द्या. दिलेलं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही, आणि त्याने पिशवी फाटून मृत्यू होतात.

बाळाचे ठोके सतत मशीनवर बघायला हवेत का?

धोका नसलेल्या बाईला नाही. हातातल्या डॉपलरने (ठोके ऐकायचं छोटं यंत्र) दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर द्यायच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर ऐकायचं. ठोके ११० ते १६० हवेत. सतत पट्टा बांधला की बाई पलंगाला खिळते आणि सिझरचं प्रमाण वाढतं. ड्रीप, एपिड्युरल (पाठीतून देतात ते कळांचं दुखणं थांबवणारं औषध), हिरवं पाणी किंवा जुनं सिझर असेल तर मात्र सतत मशीन हवंच.

कळा सोसवेनात म्हणून एपिड्युरल घेतलं तर ते ‘नैसर्गिक’ राहत नाही का?

वेदना सोसणं हा परीक्षेचा पेपर नाही. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) एपिड्युरलमुळे सिझर वाढल्याचं दिसलेलं नाही. जोर द्यायचा टप्पा लांबतो, बीपी उतरू शकतं, थोडा ताप येऊ शकतो, लघवीला नळी लागू शकते. ‘चार सेंमी झाल्याशिवाय नाही’ हा नियम आता धरत नाहीत. खरी अडचण भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध असण्याची आहे. ते आणि खर्च सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

औषधाविना बराच आराम मिळतो तो असा: कळ आली की सोबतच्या माणसाने माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताने घट्ट, न घासता दाबून धरायचं, कळ ओसरली की सोडायचं. हात दुखून येतात, म्हणून दोघांनी आलटून पालटून करावं. गरम पाण्याच्या बादलीने कमरेवर पाणी घेणं, मोठ्या चेंडूवर बसून कंबर गोल फिरवणं (गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील एवढा चेंडू), भिंतीला हात टेकून डुलणं. सतत सोबत असणाऱ्या माणसाचा परिणाम तर मोजलेला आहे: २६ अभ्यास आणि १५ हजारांहून अधिक बायका असलेल्या २०१७ च्या आढाव्यात सोबत असलेल्यांची सिझर कमी झाली, कळांचा काळही आखूडला. ही सोबत आई, मावशी, परवानगी असेल तिथे नवरा, कुणीही करू शकतं, फक्त घाबरट आणि सतत फोनवर बोलणारं माणूस नको.

कळांमध्ये खायचं का?

हो. पेज, मऊ भात, ताक, शहाळं, खजूर, सरबत. तळकट आणि मसालेदार नको. सिझरची शक्यता दिसत असेल तर डॉक्टर थांबवतील, तेव्हा ऐका.

जोर देताना पाठीवर झोपावंच लागतं का? आणि टाके?

उताणं झोपल्यावर पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि बाळाला चढणीवर ढकलल्यासारखं होतं. कुशीवर, ओणवं, उकिडवं, पाठ उंच करून, यातलं जे तुम्हाला जमेल ते चांगलं. कुशीवरची स्थिती डॉक्टरांनाही सोयीची पडते, म्हणून मागणी तिथून सुरू करा. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं तरी जोर आतून आल्याशिवाय द्यायचा नाही.

सगळ्या पहिलटकरणींना छेद घेणं आता योग्य मानत नाहीत. ठोके पडलेत किंवा बाळाचं डोकं ओढायला चिमटा लावायचाय, तेव्हा छेद घ्यावा. तो तिरकस असावा आणि जागा बधिर करूनच. ३५ व्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा खोबरेल तेलाने योनीच्या खालच्या भागाला पाच मिनिटं मसाज, आणि डोकं दिसू लागल्यावर तिथे गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड धरणं, याने फाटणं कमी होतं.

पोट वरून दाबून बाळ ढकलणं मात्र चालू देऊ नका. बरगड्यांपासून पिशवीपर्यंत इजा होते. ‘पोट दाबायचं नाही’ हे सोबतच्या माणसाने मोठ्याने म्हणावं. बाईला त्या वेळी बोलता येत नाही.

बाळ झाल्यावरचं इंजेक्शनही टाळावं का?

अजिबात नाही. भरलेल्या दिवसांत पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरत असतं. वार सुटल्यावर पिशवी आवळली नाही तर बाई काही मिनिटांत गंभीर होते. बाळ जन्मताच मिनिटभरात ऑक्सिटोसिन १० युनिट, हे सगळ्यांना, कितीही ‘नैसर्गिक’ बाळंतपण असलं तरी. त्यासोबत नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापणं सहज जमतं. बाळाला जास्तीचं लोह मिळतं. बाळ उघड्या छातीवर, वरून कोरडं कापड, पहिल्या तासात दूध. वजन आणि पहिली आंघोळ थांबू शकतात. आंघोळ २४ तासांनंतरच.

पहिलं सिझर झालंय. दुसरं नॉर्मल होईल?

पिशवीवर आडवा छेद असेल तर प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तिघींचं होतं. जुना टाका उसवण्याचा धोका २०० मध्ये एक असा आहे. तो लहान आहे, पण घडला तर मिनिटांचा खेळ असतो, म्हणून हा प्रयत्न फक्त चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि रक्त असलेल्या ठिकाणी. दोन बाळंतपणांत किमान १८ महिने अंतर असावं. दर सिझरगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोकाही वाढतो; तिसरं मूल हवं असेल तर हे मोजूनच ठरवा.

मग घरीच का नको?

ब्रिटनमध्ये घरच्या बाळंतपणाला प्रशिक्षित मिडवाइफ (बाळंतपण करणारी तज्ज्ञ परिचारिका) येते आणि तिच्यामागे ॲम्ब्युलन्सची यंत्रणा असते. तरी तिथल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायकांना दवाखान्यात हलवावं लागलं. आपल्याकडे ती यंत्रणा नाही. पावसाळ्यात घाट बंद असताना तर नाहीच नाही.

मुहूर्तावर सिझर?

सिझर ठरलेलंच असेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा दिवस निवडा. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. वेळ दिवसाची, पूर्ण टीम हजर असतानाची. पहाटे तीनचा मुहूर्त काढून आणला तरी त्या वेळी दवाखान्यात सर्वांत कमी माणसं असतात. आणि फक्त मुहूर्तासाठी सिझर करणं चूक आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांकरवी सांगितलेलं बरं.

नवव्या महिन्यात तूप, एरंडेल घेतल्याने सोपं होतं?

तूप पोटात पचतं, ते वाटेत उतरत नाही. वजन मात्र वाढतं. एरंडेलाने जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. टाळा.

शेवटी सिझर करावं लागलं तर?

तरीही बरंच तुमच्या हातात राहतं. कमरेतून भूल, म्हणजे तुम्ही जाग्या असता. नाळ थोडं थांबून कापणं, बाळ टेबलावरच गालाला आणि छातीला लावणं, सोबतीला एक माणूस, हे बाळ ठीक असेल तर शक्य असतं. आधी सांगून ठेवा, ऐन वेळी कुणी ऐकत नाही. सहा-आठ तासांत कुशीवर वळणं, त्यानंतर आधाराने उठून चालणं; पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत यासाठी हे महत्त्वाचं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, आणि टाक्याजवळ शेक-शेगडी नको.

घरी जाण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: सिझर कशासाठी झालं, त्या वेळी पिशवी किती सेंमी उघडलेली होती, आणि पिशवीवर छेद आडवा की उभा. पोटावरचा आडवा व्रण पाहून आतला छेद कळत नाही. पुढच्या खेपेला नॉर्मलचा विचार करणाऱ्या डॉक्टरांना याच तीन ओळी लागतात, आणि तोवर जुन्या दवाखान्यातली फाइल मिळेलच याचा भरवसा नसतो.